पाचशे यशस्वी डोळे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

अंघोळ झाली आहे, शर्टाला इस्त्री झाली आहे, आणि ही नवी वही उघडून पहिल्या पानावर पट्टीने समास आखतो आहे. रोजनिशी फक्त माझ्यासाठी. त्यामुळे खोटे लिहिण्याचे कारण नाही. शुद्धलेखनाच्या चुका मात्र इथेही चालणार नाहीत.

आजपासून सरकारी रुग्णालयात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. बारावी दोनदा राहिली, पण टायपिंग मिनिटाला बेचाळीस शब्द. चाळीस अर्जांतून निवड झाली. ताई म्हणते, इथे तीन-तीन महिने पगार होत नाही हे बाकीच्या एकोणचाळीस जणांना आधीच कळलं असणार.

संकल्प. रोज पाचला उठणे (आज साडेपाचला उठलो, पण आज पहिला दिवस होता). रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करणे. वर्षाच्या आत समन्वयक होणे; समन्वयकाला चाकांची खुर्ची असते. घरात, विशेषतः ताईशी, आवाज न चढवणे.

संध्याकाळी ७.

मोठ्या साहेबांनी भाषणात नव्या संगणक यंत्रणेच्या प्रकल्पाचा खर्च सांगितला. एक्केचाळीस कोटी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांच्या अर्धा सेकंद नंतर सुरू केल्या, म्हणजे वेगळ्या ऐकू येतील. साहेबांनी माझ्याकडे पाहिले.

मला नेत्र विभाग मिळाला. खोलीत तीन कॉम्प्युटर आणि एक प्लग. पंखा बंद केला तर दुसरा कॉम्प्युटर चालतो. तिसरा दाखवण्यासाठी आहे.

विभागात एक सिस्टर आहे, तीस वर्षे इथेच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची प्रतीक्षायादी ती एका लाल वहीत पेन्सिलने लिहिते. बाबांचे नावही त्यात आहे, क्रमांक १४३. बाबा शिंपी. उजव्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो, डाव्याने धूसर दिसते. आठवड्याला बारा ऑपरेशने होतात, तेव्हा एप्रिलअखेर नंबर लागेल असे सिस्टर वही न उघडता म्हणाली. मी तिला सांगितले की यापुढे ही माहिती एका क्लिकवर मिळेल. ती म्हणाली, मग आत्ता काय घोड्यावरून आली का?

१७ फेब्रुवारी, सोमवार. रात्रीच्या जेवणाआधी.

लाल वहीतली नावे यंत्रणेत भरतो आहे. एकूण ६११. एका नावाला चौतीस रकाने, अकरा मिनिटे. ईमेल सक्तीचा आहे. रुग्णांपैकी कोणाकडेच ईमेल नाही, म्हणून सगळ्यांना माझा दिला. सेवा म्हटले की एवढे आलेच.

सिस्टरने बऱ्याच नावांत ऱ्हस्व-दीर्घ चुकवले आहेत. एकूण २३८ चुका निघाल्या. यादी करून तिला दिली. ती म्हणाली, अरे कीबोर्ड, एवढ्या वेळात त्यातल्या चार जणांच्या डोळ्यात औषध टाकून झालं असतं. ती मला कीबोर्ड म्हणते. वॉर्डातले सगळेच आता म्हणतात. आदरच आहे एक प्रकारचा.

पाचला उठणे अजून जमलेले नाही. इंग्रजी शब्द: एकूण चौदा.

३ मार्च, सोमवार. दुपारी १.३०, डबा खाऊन.

सर्व ६११ नोंदी पूर्ण. आजपासून सगळी ऑपरेशने यंत्रणेतूनच.

मी साहेबांना लेखी सुचवले होते की दोन याद्या असल्या की गोंधळ होतो, सबब लाल वही व तत्सम कागद रद्दीत द्यावेत. साहेबांनी लगेच सही केली. रद्दीवाला आला. लाल वही दोन किलो तीनशे ग्रॅम भरली. सिस्टरने रद्दीवाल्याला फक्त विचारले, तुझ्या आईचा डोळा बरा आहे का आता. तो म्हणाला, झकास, सुईत दोरा ओवते.

यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाची ओळख झाली. त्याला सगळे प्रेझेंटेशन म्हणतात, कारण काहीही विचारले की तो लॅपटॉप उघडून प्रेझेंटेशन दाखवतो. टाय लावतो. मला "सर" म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी सर म्हणाले. मी दोनदा ऐकू आले नाही असे दाखवले.

१० मार्च, सोमवार.

आठवड्यात तीन ऑपरेशने. पूर्वी बारा व्हायची. कारण उघड आहे: कर्मचाऱ्यांची मानसिकता.

आता पद्धत अशी. डोळ्यात बसवायची लेन्स भांडारातून घ्यायची तर यंत्रणेत रुग्णाची नोंद उघडायची, डोळा निवडायचा, पाच जणांची मंजुरी घ्यायची, मग भांडारपाल लेन्स देतो. यंत्रणेने हो म्हटल्याशिवाय लेन्स नाही. त्यामुळे चोरी शंभर टक्के बंद. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एक लेन्स सुटेपर्यंत पूर्वी दोन डोळे होऊन चहा व्हायचा. मी ही तक्रार "वापरकर्त्याचा विरोध" या सदरात नोंदवली.

घरी बाबांनी शर्टाला कॉलर उलटी लावली. ताईने उसवून पुन्हा लावली. गिऱ्हाइकाला कळले नाही.

२८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ८.

आजची बैठक मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली आणि मला खुर्ची होती. बिस्किटे होती. दोन घेतली.

विषय: कंपनीला सरकारकडून नऊ कोटींचा दुसरा हप्ता मिळायचा आहे. अट अशी की ४ एप्रिलच्या तपासणीत यंत्रणेत पाचशे पूर्ण झालेली ऑपरेशने दिसली पाहिजेत. आज दिसतात तेरा. हप्ता अडकला तर निधी परत जाणार, निधी परत गेला तर साहेबांना वरून विचारणा होणार.

प्रेझेंटेशनने प्रेझेंटेशन दाखवले. त्यात एक हिरवा बाण वर जात होता. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, सर, हे फक्त स्टेटस आहे. प्रतीक्षायादीतल्या लोकांचं स्टेटस "पूर्ण" करायचं, तपासणी झाली की परत "प्रतीक्षेत" करायचं. डोळ्याला कोण हात लावतंय? साहेब खिडकीतून बाहेर पाहत होते. ते म्हणाले, मी इथे काही ऐकलेलं नाही, आणि जे करायचं ते बुधवारपर्यंत करा.

प्रत्येक पूर्ण नोंदीमागे ऑपरेटरला बारा रुपये प्रोत्साहन भत्ता आहे हे मला माहीतच नव्हते. शिवाय प्रेझेंटेशन जाता जाता म्हणाला की समन्वयकाची जागा निघते आहे आणि तिला तुमच्यासारखं बारकाईचं माणूस लागतं.

झोप येत नाही असे नाही. येते आहे.

२ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

पूर्ण. चार दिवसांत ४८७ नोंदी. तेरा आणि चारशे सत्त्याऐंशी, पाचशे.

सुरुवात बाबांपासून केली. उद्या कोणी म्हणायला नको की घरच्याला वगळले. उजवा डोळा, लेन्स बसवली, गुंतागुंत नाही, ऑपरेशननंतरची दृष्टी उत्तम, रुग्णाचा अभिप्राय समाधानी. नुसते "पूर्ण" करून चालले असते, पण रिकामे रकाने मला बघवत नाहीत. सगळ्यांचे सगळे भरले. पाच-सहा जणांना मुद्दाम "किंचित लाली, औषधाने बरी" असे लिहिले, म्हणजे खरे वाटेल. प्रेझेंटेशन म्हणाला, सर, तुम्ही कलाकार आहात.

सिस्टरने विचारले, पंखा का बंद आहे चार दिवस? मी म्हटले, कामाचा लोड आहे.

४ एप्रिल, शुक्रवार. रात्री.

तपासणी यशस्वी. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ५०० हा आकडा चमकत होता. तपासणी अधिकाऱ्याने विचारले, बरोबर पाचशेच कसे? प्रेझेंटेशन म्हणाला, हीच तर यंत्रणेची अचूकता आहे. अधिकाऱ्याने ते लिहून घेतले.

घरी आलो तर ईमेलमध्ये ४८७ संदेश. "अभिनंदन. आपली शस्त्रक्रिया यशस्वी झाली आहे. आपला अनुभव पाचपैकी किती तारे?" रुग्णांकडे ईमेल नसल्याने ही जबाबदारीही माझ्यावरच. बाबांच्या वतीने पाच तारे दिले. इतरांना चार आणि पाच आलटून पालटून.

बाबा अंगणात बसले होते. मी आलो तर म्हणाले, कोण, गॅसवाला का?

२१ एप्रिल, सोमवार. दुपारी २.

आज बाबांना घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात तपासून सांगितले होते की उजवा मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे, जास्त दिवस ठेवला तर आत फुटून डोळा जाईल. सिस्टरने बाबांना कापडी टोपी घातली, डोळ्यावर खूण केली, बाहेरच्या बाकावर बसवले. बाबा खुशीत. बाकावरच्या सगळ्यांना सांगत होते, मुलगा इथेच आहे, कॉम्प्युटरवर.

भांडारपालाने लेन्स दिली नाही. पडद्यावर: "या डोळ्यात लेन्स बसवलेली आहे."

मी शांतपणे माझ्या जागेवर गेलो, स्टेटस परत "प्रतीक्षेत" करायला. तसे बटणच नाही. प्रेझेंटेशनला फोन केला. तो म्हणाला, सर, एकदा पूर्ण झालेली नोंद बंद होते, हे सुरक्षेसाठी आहे, करारातच आहे. उघडायची तर बदल विनंती करावी लागेल. एका नोंदीला अडतीस हजार. मी म्हटले, तुम्हीच म्हणाला होता परत करता येतं. तो म्हणाला, येतंच की सर. अडतीस हजारात.

बाबांच्या नावाने नवी नोंद करून पाहिली. यंत्रणा ओळख क्रमांकावरून माणूस ओळखते आणि म्हणते, हा डोळा आधीच नोंदवलेला आहे. डाव्या डोळ्याचे करून पाहिले. दुसऱ्या डोळ्याची मागणी पहिल्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनीच स्वीकारते. यंत्रणा खरोखर उत्तम बनवली आहे. कुठे फट नाही.

बाबा बाकावर टोपी घालून दीड तास बसले. मी सांगितले, सर्व्हर डाउन आहे, आठ दिवसांत होईल. ते म्हणाले, असू दे, तुम्हा लोकांनाही किती काम.

२३ एप्रिल, बुधवार.

लेन्स मिळत नाही ही बातमी पसरली. बाहेर रांग. चारशेच्या वर लोक. सगळ्यांना सांगायचे आहे की त्यांची ऑपरेशने झाली आहेत.

एक वयस्कर बाई ऐकेनात. मी नोंद उघडून पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि म्हटले, हे बघा, तुमच्याच नावापुढे लिहिलंय. त्या म्हणाल्या, बाळा, ते दिसलं असतं तर आले कशाला असते? अभिप्रायाच्या रकान्यात मी "असहकार" लिहिणार होतो. पण त्यांची नोंद बंद आहे. लिहिता येत नाही.

संध्याकाळी सिस्टरने स्वतःच्या पैशाने एक जाड वही आणली. बाहेर टेबल मांडून बसली आणि एकेकाला त्याचा जुना नंबर विचारून लिहायला लागली. मी म्हटले, लोक खोटे नंबर सांगतील. ती म्हणाली, दोघांनी सांगितले. त्या दोघांनाही पुढे घेतलंय, त्यांचे डोळे बघितले मी.

पण लेन्स यंत्रणेतूनच मिळणार. हे मी तिला आठवण करून दिले. ती म्हणाली, तू घरी जा आता.

५ मे, सोमवार. रात्री उशिरा.

साहेबांनी विचारले, हे काय ऐकतोय? मी सर्व सांगितले. ते म्हणाले, मी तर बैठकीत काही ऐकलंच नव्हतं. ते खरे आहे. तसे ते म्हणाले होते.

४८७ नोंदी उघडायचा खर्च काढून दिला: एक कोटी पंच्याऐंशी लाख सहा हजार. गुणाकार दोनदा तपासला. साहेब म्हणाले, एवढी तरतूद नाही. मग मीच सुचवले की प्रायोगिक तत्त्वावर एक नोंद उघडून पाहावी. कोणाची, असे विचारल्यावर मी बाबांचे नाव सांगितले. हा वशिला नव्हे. सुरुवात बाबांपासूनच झाली होती, क्रमाने तेच पहिले.

रात्री ताईने ताट सरकवले. म्हणाली, खाजगी दवाखान्यात विचारून आले. एका डोळ्याचे बावीस हजार. मी साठवलेत, ओव्हरलॉक मशीन घेणार होते त्यातले. उद्या नेते बाबांना.

मी तिला समजावले. जिथे सरकारने एक्केचाळीस कोटी भरले आहेत तिथे आपण पुन्हा बावीस हजार का भरायचे? अर्ज गेला आहे. आत माझे वजन आहे. ताई म्हणाली, तुझं वजन बासष्ट किलो आहे, त्यातलं डोक्यात किती ते माहीत नाही. मी आवाज चढवला नाही. नंतर चढवला.

शेवटी बाबांनी निकाल दिला. मुलगा आत आहे, तो म्हणतो होईल तर होईल. ताईच्या मशीनचे पैसे डोळ्यात घालायचे नाहीत.

मला बरे वाटले. घरात एकाला तरी यंत्रणेची समज आहे.

९ जून, सोमवार.

बदल विनंतीचा फॉर्म. बदलाचे कारण निवडा: नैसर्गिक आपत्ती, कायद्यातील दुरुस्ती, तांत्रिक सुधारणा. "ऑपरेशन झालेच नाही" असा पर्याय नाही. तांत्रिक सुधारणा निवडले.

समितीने प्रमाणपत्र मागितले की या डोळ्याचे ऑपरेशन झालेले नाही. डॉक्टरीणबाईंनी एका ओळीत दिले: "मी केलेले नाही. डोळा जागेवर आहे, येऊन बघा." भाषा जरा कडक आहे, पण शुद्ध आहे. ते प्रमाणपत्र रुग्णाच्या नोंदीतच जोडायचे असते. नोंद बंद आहे. म्हणून पत्रावर पत्र.

समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. पुढची बैठक १६ जुलै. म्हणजे फार नाही.

बाबांनी मशीनवर बसणे सोडले. ताई शिवते, बाबा बटणे वाटीतून चाचपून रंगाप्रमाणे लावतात. आज सगळी पांढरी समजून निळी लावली. गिऱ्हाईक हसले. बाबाही हसले.

समन्वयकाच्या जागेची जाहिरात अजून नाही.

१४ जुलै, सोमवार. दुपारी ४.

बाबांचा उजवा डोळा सकाळपासून लाल आहे. दुखतो म्हणतात. दोनदा उलटी. कपाळ धरून भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. ताई म्हणाली, आत्ता नेऊ. मी म्हटले, परवा समितीची बैठक आहे. आज बाहेर ऑपरेशन झाले तर नोंद उघडून उपयोग काय, समितीपुढे माझी शोभा होईल. नुसती पित्ताची तक्रारही असू शकते. पित्ताने डोके दुखतेच.

मीठ-साखरेचे पाणी दिले. जरा पडून आहेत.

१५ जुलै, मंगळवार. दुपारी १२.

बाबा म्हणाले, अरे, त्या डोळ्याला उजेडही कळेनासा झालाय, बघ ना तुझ्या कॉम्प्युटरवर काय म्हणतात. मी कार्यालयात आल्या आल्या पाहिले. दृष्टी उत्तम असे आहे. अर्थात ते मीच लिहिले होते, हे मला माहीत आहे. तरी पाहिले.

१६ जुलै, बुधवार. संध्याकाळी ७.

समितीची बैठक कोरमअभावी तहकूब.

घरी आलो तर कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, ताई बाबांना सकाळीच खाजगीत घेऊन गेली, बाबा चालत नव्हते, दोघांनी धरून नेलं. मी पायरीवर बसून हे लिहितो आहे. किल्ली ताईकडे आहे.

१८ जुलै, शुक्रवार.

तिथला डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू आत फुटला, डोळ्यातला दाब चढला, नस मेली. दोन दिवस आधी आला असता तर काही सांगता आलं असतं. उजवा डोळा गेला. डाव्याचे त्याने लगेच करून टाकले. सतरा मिनिटे लागली. बाहेर बसून मी घड्याळात पाहिले. आमच्याकडे एक नाव भरायलाच अकरा लागतात.

डाव्याने बाबांना आता स्पष्ट दिसते. पट्टी काढल्यावर त्यांनी ताईकडे पाहिले, म्हणाले, किती वाळलीस गं. मग माझ्याकडे पाहिले. पाहत राहिले.

ताई जिन्यात म्हणाली, रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून चहा पितोस. डोळा कसा आहे ते बघायला ऑफिसात कशाला जात होतास? तिचा आवाज चढलेला नव्हता.

मी तिला सांगणार होतो की कोरम झाला असता तर. पण ती खाली उतरून गेली होती.

२० ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी ६.

मंजूर. बदल विनंती मंजूर. अडतीस हजार कंपनीला दिले गेले. बाबांच्या उजव्या डोळ्याची नोंद उघडली. स्टेटस: "प्रतीक्षेत". साहेबांनी फाईलवर लिहिले, प्रयोग यशस्वी. चार महिने मी ज्या बटणाची वाट पाहिली ते डोळ्यांसमोर लुकलुकत होते.

नोंद उघडल्यावर अठ्ठेचाळीस तासांत रुग्ण हजर करावा लागतो, नाही तर विभागावर शेरा येतो. बाबांना सांगितले. त्यांनी चपला घातल्या. ताई दारात उभी राहिली. बाबा म्हणाले, जाऊ दे गं, त्याच्या नोकरीचं आहे.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिले. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिले. कागदावर लिहिले: ऑपरेशनचा उपयोग नाही. मी रकान्यात तसेच भरले. स्टेटस: "निकाली". नोंद बंद.

सिस्टर बाबांना हात धरून दारापर्यंत सोडायला गेली. मी उठणार होतो, पण नोंद जतन होत होती.

१ सप्टेंबर, सोमवार.

यंत्रणा बदलणार. जुनी गैरसोयीची ठरली, आठवड्यापूर्वीच बंद केली. नव्या यंत्रणेचा खर्च त्रेसष्ट कोटी. जुन्या नोंदी नवीत येणार नाहीत. त्यामुळे उरलेले चारशे शहाऐंशी आपोआप पुन्हा प्रतीक्षेत, फुकटात. साहेबांनी भाषणात याला मोठी बचत म्हटले. टाळ्या झाल्या.

नव्या कंपनीतर्फे बोलायला उठला तो प्रेझेंटेशन. टाय नवा होता. माझ्या शेजारून गेला. सर म्हणाला नाही.

भांडारपालाने यंत्रणा बंद पडल्याचा फायदा घेऊन सिस्टरच्या वहीवर लेन्स द्यायला सुरुवात केली आहे. गेल्या आठवड्यात बारा झाली. मी याबाबत कोणालाही लिहिलेले नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. सायंकाळी ५ वाजून ५ मिनिटे.

कार्यालयाबाहेरच्या कट्ट्यावर. कंत्राट आज संपवले. चौकशीत ठरले की ४८७ चुकीच्या नोंदी माझ्या लॉगिनने झाल्या, आणि माझ्या लॉगिनने मीच होतो. नाकारण्यासारखे काही नव्हते. साहेब बैठकीत काही ऐकलेले नसल्याने साक्षीला आले नाहीत. राहिलेला दोन महिन्यांचा पगार चौकशी खात्याकडे अडकवला आहे. पाचला उठण्याचे आता कारण उरले नाही.

हिशेबनीस चांगला माणूस. चष्मा कपाळावर चढवून सगळे समजावून सांगितले. प्रोत्साहन भत्त्याचे बाराप्रमाणे ५,८४४ मला दिले होते, ते आता वसूल करायचे. पण सगळे नाही. तो म्हणाला, चारशे शहाऐंशी नोंदी खोट्या, त्यांचे परत घेतो. ही एक मात्र रीतसर उघडली, डॉक्टरांनी तपासली, रीतसर निकाली निघाली. ही खरी आहे. हिचा भत्ता तुझा. इथे सही कर.

मी सही केली. माझ्या आडनावात त्याने ऱ्हस्व लिहिले होते. दुरुस्त केले नाही.

हिशेब.

सरकारी खर्च
यंत्रणा: ४१,००,००,०००
बाबांची नोंद उघडण्यास: ३८,०००

घरचा खर्च, सर्व ताईचा
डावा डोळा: २२,०००
उजव्याचा उपचार: ६,५००
औषधे व येणे-जाणे: ९४०
एकूण: २९,४४०

माझी जमा
भत्ता मिळाला: ५,८४४
वसुली, ४८६ नोंदी: ५,८३२
बाबांच्या उजव्या डोळ्याचे, नियमाने देय: १२

ताईला देणे: २९,४४०
वजा, आज रोख देणार: १२
बाकी: २९,४२८